‘दादा उठले आणि गेले’

आमच्या घरात एक वाक्य सदतीस वर्षे न तपासता सांगितले जात होते : ‘दादा उठले आणि गेले.’ दादा म्हणजे माझे वडील. गंगाखेड तालुक्यातल्या गोदाकाठच्या काळ्या रानात त्यांचे आयुष्य गेले. १९८५ च्या पावसाळ्यात त्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा ती पोटावर छेद घेऊन करीत. आठ-दहा दिवस रुग्णालयात काढून आम्ही त्यांना गावी आणले आणि मायने घरात सर्वांना बजावले, “टाके तुटतील. यांना उठू द्यायचं नाही.”

आम्ही उठू दिले नाही. जेवण बाजेवर, अंग पुसणे बाजेवर, देहधर्मही बाजेवरच. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकताच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलेला. सुट्टी घेऊन घरी राहिलो होतो आणि वडिलांना पडून ठेवण्यात माझाही हातभार होता. दादा चुळबुळत. बैलांचा आवाज आला की कोपरावर उठू पाहत. माय त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा निजवी. तो हात मला आजही दिसतो. त्यात काळजीशिवाय दुसरे काही नव्हते.

घरी आणल्यापासून पस्तिसाव्या दिवशी सकाळी घरात कोणी नाही असे पाहून दादा आपणहून उठले आणि परसाकडे निघाले. सात-आठ पावले चालले असतील. छातीवर हात ठेवून भिंतीला टेकले, खाली बसले, श्वास लागला, आणि आम्ही पाणी घेऊन धावेपर्यंत सगळे संपले. शवविच्छेदनाचा प्रश्नच नव्हता. निदान गावानेच केले : उठायला नको होते, उठले, म्हणून गेले. घरातल्या कोणाचीही पुढे शस्त्रक्रिया झाली, मग ती अपेंडिक्सची असो की बाळंतपणातली, की हे वाक्य पुढे येई आणि रुग्ण अंथरुणाला खिळे.

एप्रिल २०२२ मध्ये माय पडली. वय एक्याऐंशी. पहाटे न्हाणीत पाय घसरला आणि डाव्या खुब्याजवळचे हाड मोडले. परभणीतच एका रुग्णालयात दाखल केले. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितले की मोडलेला गोळा काढून कृत्रिम बसवावा लागेल आणि ते जितके लवकर होईल तितके चांगले. वय पाहून आम्ही कचरत होतो. डॉक्टर म्हणाले, “वय जास्त आहे म्हणूनच घाई. या वयात मोडलेल्या हाडापेक्षा पडून राहणं जास्त धोक्याचं.” हे वाक्य मी ऐकले, पण त्याचा अर्थ त्या क्षणी माझ्यापर्यंत पोहोचला नाही.

तो पोहोचला संध्याकाळी. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ मायची माहिती लिहून घेत होते. रक्तदाब, साखर, दमा. मग त्यांनी विचारले, कुटुंबात कोणाला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का? मी नाही म्हणालो आणि बोलण्याच्या ओघात, मायच्या नवऱ्याची हकिकत म्हणून, दादांचे सांगितले. त्यांनी लिहिणे थांबवले. किती दिवस पडून होते, पाय सुजला होता का, पोटरी दुखते म्हणत होते का, असे एकेक विचारीत गेले. पोटरी दुखते असे दादा शेवटच्या आठवड्यात म्हणत होते. आम्ही तेल लावून चोळून देत होतो. डॉक्टर सावकाश म्हणाले, “आता खात्रीनं कोणीच सांगू शकणार नाही. पण तुम्ही जे वर्णन करताय ते पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यासारखं आहे. उठल्यामुळं ती सुटली असेल. पण झाली पडून राहिल्यामुळं.”

मी बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो. आत माय होती, आणि उद्या तिची शस्त्रक्रिया होती.

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आली. फिजिओथेरपिस्ट म्हणून एक तरुण मुलगी वॉकर घेऊन खोलीत आली आणि म्हणाली, “आजी, चला, आज उभं राहायचंय.” माय तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुझे दादा उठले अन् गेले. आता मला बी धाडायलास का?”

खोलीत भेटायला आलेले मामा होते, माझी धाकटी बहीण होती. मामा म्हणाले, “कशाला छळायलाव रे म्हातारीला? हाडं काय आज मोडली, उद्या जुळतील असं असतंय का? पडू द्या महिनाभर.” बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. आणि मी, ज्याने आदल्या संध्याकाळीच भूलतज्ज्ञांचे सर्व ऐकले होते, त्या मुलीला म्हणालो, “आज राहू द्या. उद्या बघू.” ती म्हणाली, “काका, आज राहू दिलं तर उद्या जास्त दुखेल, परवा त्याहून जास्त. कमी दुखेल असा दिवस थांबून येत नसतो.” तरीही तो दिवस मी जाऊ दिला. हे मी लपवीत नाही, कारण रुग्णाजवळ बसणाऱ्या प्रत्येकावर हा प्रसंग येतो आणि त्या वेळी ‘राहू द्या’ म्हणणे अत्यंत सोपे असते. त्यात आपण दयाळूही दिसतो.

त्या दुपारी ती मुलगी पुन्हा आली. मायशी न बोलता माझ्याशी बोलली. आपल्या भागातल्या माणसाला कळेल असे तिने सांगितले. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलेले असते तेव्हा चाऱ्या स्वच्छ असतात. पाळी संपून पाणी साचले की चार दिवसांत शेवाळ धरते. पायांतील रक्ताचे तसेच आहे. हृदय रक्त खाली पाठवते, पण ते पुन्हा वर चढवण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल वाकले की स्नायू शिरा पिळतात, रक्त वर सरकते. माणूस हलेनासा झाला की रक्त साचते. त्यात शस्त्रक्रियेनंतर शरीर रक्त गोठवण्याच्या तयारीत असते, आणि परभणीच्या एप्रिलमध्ये पाणी कमी पोटात गेले की ते आणखी दाट. म्हणून पोटाच्या कातडीत रोज रक्त पातळ ठेवण्याचे इंजेक्शन, आणि म्हणून जागेपणी दर तासाला पावले वर-खाली करायची : बोटे आपल्याकडे ओढायची, मग दूर ढकलायची, दहा-पंधरा वेळा. शिलाई मशीनचे पायडल मारतात तसे. हे पडूनही करता येते.

मग ती फुप्फुसांविषयी बोलली. उताणे पडलेल्या माणसाचा श्वास उथळ होतो, फुप्फुसांचा मागचा भाग नीट फुगत नाही, कफ तिथे साचतो आणि न्यूमोनियाला जागा होते. त्यासाठी तीन गोळ्यांचे ते प्लॅस्टिकचे यंत्र दिलेले असते. नळीतून श्वास आत ओढून गोळे वर उचलायचे असतात. पुष्कळ जण त्यात फुंकर मारतात, तो उपयोग उलटा. मायला ते यंत्र काही जमेना. शेवटी तिने आपला मार्ग काढला. ती गंगाखेडची, जनाबाईंच्या गावची लेक. सकाळ-संध्याकाळ खाटेवर बसून मोठ्याने हरिपाठ म्हणू लागली. डॉक्टरांनी ऐकले आणि म्हणाले, चालू द्या, मात्र मधूनमधून पूर्ण श्वास घेऊन क्षणभर रोखायला सांगा. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांना खोकताना टाक्यांची भीती वाटते. त्यांनी उशी पोटाशी घट्ट धरून खोकावे, असेही त्यांनी जाता जाता सांगितले.

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेलो. निवृत्त शिक्षकाला वेळ असतो. वाचल्यावर मायवरचा आणि स्वतःवरचा राग बराच निवळला, कारण एके काळी सगळे वैद्यकशास्त्रच आमच्या मामांच्या मताचे होते. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले, ही कथा मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. पुढचा भाग मी कधी सांगितला नव्हता. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची मुक्तता केली तरी ते रुग्णालयातच होते आणि मार्चमध्ये जुहूला विश्रांतीसाठी गेले. जखम भरायला वेळ लागला होता हे खरे, पण दीर्घ विश्रांती हा त्या काळचा सर्वमान्य रिवाजच होता. आज त्याच शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात.

मधल्या काळात काय घडले? १९४० च्या दशकात डेट्रॉईटचे शल्यविशारद डॅनियल लाइटहॉसर यांनी रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर लगेच उठवण्याचा पुरस्कार केला. दुसऱ्या महायुद्धात खाटा अपुऱ्या पडू लागल्या आणि रुग्णांना लवकर उठवावे लागले. ते अधिक लवकर बरे होतात असे डॉक्टरांना दिसले. १९४७ मध्ये रिचर्ड अॅशर या इंग्रज डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक लेख लिहिला. औषधाच्या बाटलीवर लिहावेत तसे खाटेचे दुष्परिणाम त्यांनी अवयवागणिक सांगितले. म्हणजे १९८५ पर्यंत हे ज्ञान अडतीस वर्षांचे होऊन गेले होते. ते आमच्या गावापर्यंत आले नव्हते. दादांना घरी पाठवताना कोणीही आम्हांला ‘यांना चालवा’ असे सांगितले नव्हते. गोळ्यांचा कागद तेवढा हाती दिला होता.

वाचनात आणखी एक आकडा सापडला, तो मी मामांना मुद्दाम वाचून दाखवला. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्त्री-पुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवण्यात आले. त्यांना ना आजार, ना शस्त्रक्रिया. दहा दिवसांत त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू गेले. माय तर एक्याऐंशीची, वर शस्त्रक्रिया झालेली. “महिनाभर पडू द्या” याचा अर्थ काय होतो, हे त्यातून मामांना उमगले असावे. निदान ते पुन्हा तसे म्हणाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी माय उभी राहिली. एकदम नाही. वेदनाशामक गोळी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने आधी खाटेचा डोक्याकडचा भाग वर केला, मग पाय कडेला सोडून बसवले. पाच मिनिटे नुसते बसू दिले. पडून राहिलेल्या शरीराला उभे राहताच रक्तदाब सांभाळता येत नाही आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. घाईने उभे केलेला रुग्ण कोसळतो तो यामुळे, आणि मग ‘उठवलं म्हणून पडला’ असा आणखी एक पुरावा घराला मिळतो. चक्कर नाही असे पाहून वॉकर पुढे, त्या मुलीचा हात पाठीशी, आणि माय उभी. तिचे ओठ थरथरत होते. दोन पावले टाकून ती खुर्चीत बसली आणि तिने चहा मागितला. मी घड्याळ पाहिले. सगळ्याला मिळून बारा मिनिटे लागली होती.

त्याच रात्री माय भ्रमात गेली. अंधारात मला ओळखेना. “कापूस वेचायचा राहिलाय, मला जाऊ दे” म्हणत लघवीची नळी ओढू लागली. मी हादरलो, मेंदूला काही झाले असे वाटले. रात्रपाळीच्या सिस्टर शांत होत्या. त्यांना हे नवीन नव्हते. शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना असे होते. परके छत, झोपमोड, वेदना, शरीरात कमी पडलेले पाणी आणि औषधे, सगळे एकत्र येते. त्यांनी डॉक्टरांना कळवलेच, कारण जंतुसंसर्ग नाही ना हे पाहावे लागते. मला मात्र विचारले, “आजींचा चष्मा कुठाय?” तो मी जपून पिशवीत ठेवला होता! चष्मा डोळ्यांवर आला, दिवा लागला, मी तिचा हात धरून गावाकडच्या गोष्टी बोलत राहिलो. पहाटेपर्यंत ती बरीचशी ताळ्यावर आली. दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवा, दुपारी फार झोपू देऊ नका, असे सांगण्यात आले. सकाळी डॉक्टरांनी नळीही काढली. ती जितकी जास्त दिवस राहील तितका मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. कुटुंबाने स्वतःहून ‘नळी आणखी किती दिवस?’ असे विचारण्यात गैर काही नाही.

सहाव्या दिवशी घरी आलो. आता चूक झाली ती सर्वस्वी माझी.

मायला तिची बाज हवी होती. खोलगट बाजेवरून उठणे अशक्य, म्हणून गुडघ्यापेक्षा उंच लाकडी दिवाण आणि त्यावर पंपाने फुगणारी हवेची गादी भाड्याने आणली. गादी चांगली होती. एकेका कप्प्यातली हवा आपोआप कमी-जास्त होत राही. ती आणल्यावर माझा जीव निश्चिंत झाला आणि दर दोन तासांनी कूस बदलण्याचे जे वेळापत्रक मी शाळेच्या जुन्या हजेरीपटामागे आखले होते, ते रात्रीपुरते बाजूला पडले. परभणीच्या उन्हाळ्यात वीज जाते हे मला सांगायला कोणी नको होते. तरी एका रात्री वीज गेली, पंप बंद पडला, गादीतली हवा उतरली आणि माय चार तास जवळजवळ लाकडी फळीवर उताणी पडून राहिली. कूलरही बंद, चादर घामाने ओली. मी बाहेर ओट्यावर गार वाऱ्याला झोपलो होतो. तिने हाक मारली नाही. “तू दमला होतास,” असे सकाळी म्हणाली.

अंग पुसताना पत्नीला माकडहाडावर रुपयाएवढा डाग दिसला. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन ओळखू येत नाही. जागा किंचित जांभळट, आजूबाजूपेक्षा गरम आणि हाताला टणक लागली. बोटाने दाबून सोडले तरी रंग बदलला नाही. पाठीला होणाऱ्या जखमेची ही पहिली पायरी. कातडी शाबूत असते, पण हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये चिमटल्या गेलेल्या मांसाला रक्त मिळालेले नसते. इथे दुर्लक्ष झाले तर हाडापर्यंत खड्डा पडायला फार दिवस लागत नाहीत. आणि तो भरायला महिने जातात.

शेजारपाजारून सल्ले आले. स्पिरिट लावून चोळा, पावडर टाका, मधे भोक असलेली रबराची गोल चकती खाली ठेवा. फोनवर डॉक्टरांनी तिन्हींना नकार दिला. चोळल्याने आतली दुखावलेली जागा अधिक फाटते. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, घामात पावडरीचे गोळे होऊन टोचतात, आणि चकतीच्या काठाचा दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट आणखी तुटतो. उपाय एकच होता : त्या जागेवर भार येऊ न देणे. आम्ही मायला पाठीशी उशी लावून अर्धवट कुशीवर ठेवू लागलो, दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी. तिच्या खुब्यासाठीही डॉक्टरांनी ती सांगितलीच होती, पाय एकमेकांवर चढू नयेत म्हणून. टाचा हवेत राहाव्यात यासाठी पोटऱ्यांखाली घडी केलेली चादर. सरकवताना ओढायचे नाही, खालच्या चादरीसकट दोघांनी उचलायचे. रात्रीचे गजर मी दहा, बारा, दोन आणि चारला लावले. दोनचा गजर पत्नीने स्वतःकडे घेतला. पंधरवड्यात डाग निवला. हवेची गादी वाईट नाही, तिचा उपयोग होतो. पण ती माणसाच्या जागी झोपत नाही.

तिने हाक का मारली नाही, हा प्रश्न मला डागापेक्षा अधिक लागला. मग ध्यानात आले की ती पाणीही मुद्दाम कमी पीत होती. पाणी प्यायले की लघवीला उठवावे लागणार, म्हणजे सुनेला त्रास. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांचे हे गणित आहे आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही. लघवी गडद झाली होती, चार दिवस पोट साफ नव्हते. डॉक्टरांनी तिच्या हृदयाला किंवा मूत्रपिंडाला पाण्याचे बंधन नाही असे सांगितल्यावर मी एक लिटरची बाटली भरून उशाशी ठेवू लागलो. दिवेलागणीपर्यंत ती दीडदा संपली पाहिजे असा नियम केला. खुर्चीचा कमोड पलंगाशेजारी आला आणि अंथरुणातले भांडे बंद झाले. बसून जाता येऊ लागताच पोटाची तक्रार निम्मी कमी झाली. ‘आजारी माणसाचे जेवण’ म्हणून चाललेली साबुदाण्याची पेज आणि चहा-बिस्किटेही थांबवली. जखम भरायला आणि स्नायू टिकायला प्रथिने लागतात. माय माळकरी, अंडे चालणार नाही. दूध, दही, मुगाचे घट्ट वरण, ताकातले पिठले, शेंगदाण्याचे कूट घातलेली भाजी आणि वरणात कुस्करलेली भाकरी, एवढ्यावर आम्ही निभावले.

तिसऱ्या आठवड्यात डाव्या पोटरीला सूज आली. शस्त्रक्रियेच्या पायाला थोडी सूज असतेच, पण ही एका रात्रीत वाढलेली होती आणि दाबले की दुखत होते. बहीण तेलाची वाटी घेऊन आली. मी ती वाटी तिच्या हातातून जवळजवळ हिसकावली. इतक्या मोठ्याने मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. गुठळी असेल आणि आपण चोळले तर ती सुटून वर जाऊ शकते. दादांची पोटरी मीच चोळली होती.

रिक्षाने पायांच्या शिरांची सोनोग्राफी करायला गेलो. तपासणारे डॉक्टर तरुण आणि बोलके होते. माय विचारीत गेली तसे सांगत गेले, की माणूस पडून राहिला की शिरेत रक्त गोठतं, ती गुठळी सुटली तर छातीत जाते, म्हणून बघायचं. गुठळी नव्हती. सूज हळूहळू ओसरेल म्हणाले. ती खेप वाया गेली असे मला मुळीच वाटत नाही. एकाच पायाला वाढती सूज आणि दुखणे असेल तर त्याच दिवशी दाखवावे. आणि एकाएकी धाप, छातीत कळ, थुंकीत रक्त असे काही दिसले तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

परतताना माय गप्प होती. रात्री दहाला तिची कूस बदलून मी उशी लावत होतो तेव्हा तिने विचारले, “त्यांना आपण किती दिस निजवलं होतं रे?”

भूलतज्ज्ञांशी झालेले बोलणे मी तिला सांगितले नव्हते. सांगितले तर ती उठेल हे मला कळत होते, आणि त्या खांद्यावरच्या हाताचे तिला काय वाटेल हेही. खोटे बोलता आले असते. मी म्हणालो, “चौतीस.”

बराच वेळाने ती म्हणाली, “मीच उठू देत नव्हते.”

“आपण सगळेच, माय. तेव्हा आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं.”

ती काही बोलली नाही. रडलीही नाही. दोनच्या गजराला पत्नी उठली तेव्हा ती जागीच होती. पहाटे पाचला, एरवी मी तिला विनवण्या करीत असे त्या वेळी, तिनेच मला उठवले आणि वॉकर मागितला. त्या सकाळी ती प्रथमच ओट्यापर्यंत गेली.

वाचकांना एक सावधगिरीचे सांगायला हवे. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी पायावर पूर्ण भार देता येतो असे नाही. मणक्याच्या किंवा काही प्रकारच्या हाडांच्या शस्त्रक्रियेत बंधने असतात आणि ती पाळावीच लागतात. पण भार द्यायचा नाही याचा अर्थ हलायचे नाही असा नसतो. घरी सोडताना डॉक्टरांना थांबवून विचारावे : किती भार द्यायचा, बसवायचे केव्हा, पायरी केव्हा, इंजेक्शन किंवा गोळी किती दिवस. उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. १९८५ मध्ये आम्ही काहीच विचारले नव्हते. विचारायचे असते हेच माहीत नव्हते.

माय आता काठीवर चालते. जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही याची तिची कुरकूर असते आणि हरिपाठ खुर्चीतच होतो. गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीत एकाची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. घरच्यांनी त्याला निजवून ठेवले आहे असे कळल्यावर ती काठी टेकीत स्वतः तिकडे गेली. तिथे ती काय बोलली ते मला माहीत नाही. संध्याकाळी त्या घरचा मुलगा आमचा वॉकर मागायला आला होता.